श्वास रोखण्याची चाचणी: कवटीबाहेरून मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं काम कसं बघायचं

टीसीडी म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, कवटीबाहेरून ध्वनिलहरी पाठवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणारी तपासणी. तिचा प्रोब कानशिलावर टेकवला की जिचा आवाज येतो ती एमसीए, म्हणजे मेंदूची मधली मोठी धमनी. तिची रुंदी जेमतेम ३ मिलिमीटर. पेशंटला श्वास रोखायला लावून आपण जी चाचणी घेतो, तिचा निकाल मात्र या धमनीचा नसतो. तो असतो तिच्यापुढे फांद्या फुटत गेलेल्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही अरुंद अशा धमनिकांचा. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की चाचणीतली प्रत्येक खबरदारी का घ्यायची ते कळतं. बसली नसेल तर हात कितीही सफाईदार असला तरी आकडे चुकतात, आणि ते चुकलेत हेही लक्षात येत नाही.

मी नाशिकला एका न्यूरो लॅबमध्ये टीसीडी करते आणि नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शिकवते. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे. घरात कुणाला ही तपासणी सांगितली असेल तर त्यांनीही जरूर वाचावं.

आत काय घडतं

मी श्रीरामपूरकडची. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की कालव्याच्या कडेला उभं राहून, नुसत्या पाण्याच्या ओढीवरून, पुढे किती चाऱ्यांची दारं उघडलीत याचा अंदाज आमच्याकडची जुनी माणसं बांधायची. कालव्याची रुंदी तीच राहते. पुढची दारं उघडली की पाणी पळायला लागतं, बंद झाली की रेंगाळतं. एमसीए हा तो कालवा. आपण तिथे उभं राहून वेग मोजतो आणि दारांबद्दल बोलतो.

ही दारं एवढी महत्त्वाची का? मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे १५ टक्के रक्त आणि शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन त्याला लागतो. दर मिनिटाला १०० ग्रॅममागे साधारण ५० मिलिलिटर रक्त, म्हणजे अख्ख्या मेंदूला पाऊण लिटरच्या आसपास. स्नायूंसारखा साठा मेंदूकडे जवळजवळ नाहीच. पुरवठा पूर्ण थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. त्यामुळे रक्तदाब वर जावो की खाली, माणूस झोपलेला असो की गणित सोडवत असो, जिथे जेवढं हवं तिथे तेवढं रक्त पोचवावंच लागतं, आणि ते काम या धमनिका करतात.

त्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचे वेढे असतात. आतला दाब वाढला की हे वेढे आपणहून आवळतात, दाब उतरला की सैलावतात. विल्यम बेलिस यांनी १९०२ साली रक्तवाहिन्यांचा हा गुण नोंदवला. मज्जातंतूंचा हुकूम लागत नाही, भिंतीला ताण जाणवला की पुरे. याच गुणामुळे रक्तदाब बदलला तरी मेंदूचा पुरवठा बराचसा स्थिर राहतो. १९५९ साली नील्स लासेन यांनी त्याचा जो आलेख मांडला तो अजून पुस्तकांत छापतात: सरासरी दाब साधारण ६० ते १५० मिलिमीटर पारा, आणि मध्ये सपाट रेषा. आता असं दिसतं की ती रेषा इतकी लांब आणि इतकी सपाट नसते, आणि ती दाब चढण्यापेक्षा उतरण्याच्या बाजूला लवकर हार मानते. बऱ्याच वर्षांचा बीपी असलेल्या माणसात तर अख्खा आलेखच उजवीकडे सरकलेला असतो. म्हणून अशा माणसाचा दाब औषधाने एका दिवसात खाली ओढला की त्याला गरगरतं, जरी यंत्रावर आकडा ‘नॉर्मल’ दिसत असला तरी.

दाब हा धमनिकांना हलवणारा पहिला धनी. दुसरा धनी कार्बन डायऑक्साइड. आपल्या चाचणीचा सगळा भार याच्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबा. रक्तातला हा वायू रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सहज ओलांडतो. धमनिकेच्या भिंतीभोवती आम्लता वाढते आणि स्नायूंचे वेढे सैल पडतात. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब १ मिलिमीटर पाऱ्याने वाढला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांच्या आसपास वाढतो. उलट भराभर श्वास सोडला की वायू कमी होतो, वेढे आवळतात, डोकं हलकं होतं, ओठांना मुंग्या येतात. श्वास रोखणं म्हणजे हा वायू शरीरातच साठू देणं. सिलिंडर नको, मास्क नको. गरीब-श्रीमंत कुठल्याही दवाखान्यात करता येते, म्हणून मला ही चाचणी फार प्रिय आहे.

तिसरा धनी म्हणजे खुद्द काम करणाऱ्या चेतापेशी. त्यांच्याविषयी पुढे, कारण तेही याच यंत्रावर बघता येतं.

चाचणी सुरू करायच्या आधी

विचारायची पहिली गोष्ट: चहा-कॉफी. सकाळी घेतलेली असणारच. कॅफीन मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगून ठेवायचं की त्या सकाळी चहा-कॉफी नको. दुसरी गोष्ट तंबाखू, आणि ती विचारताना बिडी-सिगारेटवर थांबू नका. खेड्यातून आलेल्या मावशींना ‘सिगारेट ओढता का’ विचारलं तर त्या हसून नाही म्हणतील. ‘मावशी, आज मिश्री लावलीत का?’ असं विचारा. निकोटिनने नाडी आणि दाब दोन्ही वर जातात.

कुणावर ही चाचणी करायची नाही हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, दम लागत असलेला, ऑक्सिजनवर असलेला, पक्षाघातानंतर अजून स्थिर न झालेला पेशंट असेल तर श्वास रोखायला लावायचा नाही. आणि भराभर श्वास घ्यायला लावणारी उलट प्रकारची चाचणी मोयामोया (मेंदूच्या तळाच्या धमन्या अरुंद होत जाण्याचा आजार) असलेल्या किंवा फिट येणाऱ्या पेशंटवर स्वतःच्या मनाने कधीही करू नका.

अंबाडा सोडायला लावा, गजरा आणि पिना काढून ठेवा. डोक्याला भरपूर तेल असेल तर कानशिलं पुसून घ्या, नाहीतर ऐन चाचणीत प्रोब धरून ठेवणारा हेडबँड सरकतो. पाठीवर झोपवा, उशी पातळ, पाय आडवे न टाकता सरळ. दंडाला बीपीचा पट्टा बांधून पहिला आकडा लिहा. मग पाचएक मिनिटं काहीच करू नका. घाबरलेला माणूस नकळत भरभर श्वास घेत असतो, त्याचा कार्बन डायऑक्साइड आधीच उतरलेला असतो, आणि मग तुमची विश्रांतीची रीडिंगच खोटी ठरते. त्याच्या छातीकडे बघत बसा. श्वास संथ झाला की सुरुवात करा.

विंडो आणि धमनी शोधणं

साध्या सोनोग्राफीच्या प्रोबचा आवाज प्रौढ कवटीतून नीट पार होत नाही. रूने आस्लिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली २ मेगाहर्ट्झचा स्पंदित डॉप्लर कानशिलाच्या पातळ हाडातून पाठवून दाखवला, तेव्हापासून ही तपासणी सुरू झाली. आपण अजूनही तेच २ मेगाहर्ट्झ वापरतो. आवाज आत जाऊ देणाऱ्या या पातळ हाडाच्या जागेलाच विंडो म्हणतात.

बोटाने गालाच्या हाडाची कमान चाचपा. तिच्या जरा वर, कानाच्या पुढे जेल लावून प्रोब टेकवा. तोंड किंचित वर आणि पुढे. डेप्थ, म्हणजे प्रोबपासून किती खोलवरचं ऐकायचं ते, ५० मिलिमीटरवर ठेवा आणि मनगट अगदी थोडं थोडं फिरवा. नवीन मुलं प्रोब मोठ्या वर्तुळात फिरवतात आणि धमनी हातची घालवतात. एका जागी टेकवून नुसता कोन बदलायचा, मिळालं नाही तरच जागा बदलायची. आवाज आला की पडद्यावर बेसलाइनच्या, म्हणजे शून्य वेगाच्या रेषेच्या, वर लाट दिसते, म्हणजे रक्त प्रोबकडे येतंय.

ही एमसीएच आहे याची खात्री कशी करायची? डेप्थ हळूहळू वाढवत न्या. ६० ते ६५ मिलिमीटरच्या सुमारास वर आणि खाली अशा दोन्ही दिशांच्या लाटा एकदम दिसतात. तिथे मानेतून वर आलेली कॅरोटिड धमनी दुभंगते. खाली जाणारी लाट पुढच्या धमनीची, एसीएची. ही खूण मिळाली की परत ५०-५५ वर या आणि जिथे लाट सर्वांत उंच आणि कड सर्वांत स्वच्छ तिथे हेडबँड आवळा. दोन्ही बाजूंना प्रोब लावता आले तर उत्तम, कारण पुढे डावं-उजवं तोलायचं आहे.

दहा-वीस टक्के लोकांत ही विंडो मिळतच नाही, वयस्कर बायकांत तर जास्तच. जेल वाढवा, पॉवर वाढवा, कानाच्या वर थोडं मागे बघा. तरीही नाही मिळाली तर रिपोर्टात ‘विंडो नाही’ असं लिहा. अर्धवट, फिकट लाटेवरून आकडा काढू नका. त्या आकड्यावर पुढे कुणाचं तरी औषध ठरणार असतं.

ते तीस सेकंद

सगळी चाचणी इथे बनते किंवा बिघडते. मी पेशंटला जे सांगते ते जसंच्या तसं देते:

‘काका, आता नेहमीसारखा श्वास चालू ठेवा. मी “थांबा” म्हटलं की आहे तिथेच श्वास थांबवायचा. छाती फुगवून मोठा श्वास घ्यायचा नाही, पोट आवळायचं नाही, कुंथायचं नाही. मी सेकंद मोजत राहीन. नाही जमलं तर हात वर करा आणि श्वास सोडा, जेवढं झालं तेवढं पुरे.’

मशीन न लावता एकदा रंगीत तालीम घ्या. आपल्याकडे ‘श्वास रोखा’ म्हटलं की निम्मे लोक प्राणायामाला बसल्यासारखी छाती भरून घेतात, गाल फुगवतात आणि आतून दाब देतात. त्याने छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं, रक्तदाब हलतो, आणि मग एमसीएचा वेग दाबामुळे बदलला की वायूमुळे, हे सांगता येत नाही. ट्रेसवर, म्हणजे नोंदल्या गेलेल्या लाटेवर, ते ओळखता येतं. पहिल्या काही सेकंदांतच लाट एकदम खाली आली, पातळ झाली, आणि श्वास सोडल्यावर झटक्यात उसळली तर समजा पेशंटने कुंथलंय. तो ट्रेस टाकून द्या आणि विश्रांतीनंतर पुन्हा घ्या.

चांगला ट्रेस कसा दिसतो ते एकदा नीट बघून ठेवा. पहिले पाच-सात सेकंद फारसं काही होत नाही. मग लाटेचा तळ, म्हणजे दोन ठोक्यांमधला वेग, हळूहळू वर सरकू लागतो. शिखर त्याच्या मागून चढतं, पण तळ जास्त चढतो. हे फार सुंदर दिसतं आणि त्याला अर्थ आहे: पुढचा अडथळा कमी झालाय, धमनिका उघडल्यात, म्हणून हृदय दोन ठोक्यांच्या मध्ये थांबलेलं असतानाही रक्त पुढे पळतंय. नुसतं शिखर वाढलं आणि तळ जागेवर राहिला तर बीपी पुन्हा मोजा.

तिसाव्या सेकंदाला ‘सोडा’ म्हणा, पण रेकॉर्डिंग थांबवू नका. सर्वांत जास्त वेग बऱ्याचदा श्वास सुरू झाल्यावरच्या तीन-चार सेकंदांत मिळतो. दोन-तीन मिनिटं विश्रांती द्या, वेग मूळ पातळीवर आला की पुन्हा एकदा घ्या. दोन्ही वेळचे आकडे जवळपास आले पाहिजेत.

आकडेमोड

सरासरी वेग मशीन देतं, पण हाताने काढता आला पाहिजे: शिखराचा वेग अधिक तळाच्या वेगाची दुप्पट, भागिले ३. शिखर ८४ आणि तळ ३८ सेंटिमीटर प्रति सेकंद असेल तर सरासरी ५३. निरोगी प्रौढात एमसीएचा सरासरी वेग ५५-६०च्या मागेपुढे असतो, वयाबरोबर उतरतो.

आता श्वास-रोध निर्देशांक. विश्रांतीतला वेग ५३ होता, नंतर ७० झाला. वाढ १७, म्हणजे ३२ टक्के. तिला ३० सेकंदांनी भागलं की १.०७. छान. दुसऱ्या पेशंटचा ४८ वरून ५४ झाला: साडेबारा टक्के, भागिले ३०, उत्तर ०.४२. हे कमी आहे. साधारण ०.६९ ही खालची सीमा धरतात. सेकंदांनी भागायचं कारण असं की सगळ्यांना तीस सेकंद जमत नाही. एखाद्या आजींनी २२ सेकंदांतच हात वर केला आणि वेग ५० वरून ६१ झाला, तर २२ टक्के भागिले २२, म्हणजे बरोबर १. आजींच्या धमनिका उत्तम आहेत, दम कमी आहे एवढंच.

कमी निर्देशांकाचे दोन अगदी वेगळे अर्थ निघतात आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला: मानेतली कॅरोटिड त्याच बाजूला फार अरुंद झालीय. पुढे दाब कमी पोचतो, म्हणून धमनिका आधीच पूर्ण उघडून बसल्यात. आणखी उघडायला जागा नाही. अशा वेळी एका बाजूचा निर्देशांक पडतो आणि दुसरी बाजू बरी असते. २००० साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मानेची धमनी अरुंद असूनही काही त्रास नसलेल्या लोकांत, ज्यांचा हा निर्देशांक कमी त्यांना पुढे पक्षाघाताचा धोका जास्त. दुसरा अर्थ: बीपी आणि मधुमेहाने धमनिकांच्या भिंती जाड, ताठ झाल्यात, स्नायूंचे वेढे सैलावतच नाहीत. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच कमी येतात, आणि बहुधा विश्रांतीतला पल्सॅटिलिटी इंडेक्सही (शिखर आणि तळ यांतला फरक भागिले सरासरी वेग) १.२ च्या वर असतो. एमआरआयवर मेंदूच्या पांढऱ्या भागात ठिपके दिसतात ते बऱ्याचदा याच लोकांत. निदान डॉक्टर करतील, पण डाव्या-उजव्याचे आकडे शेजारी शेजारी लिहून देणं आपल्या हातात आहे.

एक इशारा. आपण वेग मोजतो, रक्ताचं प्रमाण नव्हे. एमसीएची रुंदी बदलत नाही असं धरूनच सगळा हिशेब आहे. ७ टेस्लाच्या, म्हणजे फार ताकदवान चुंबकाच्या, एमआरआयवर दिसलंय की कार्बन डायऑक्साइड बराच वाढला तर ही धमनीही थोडी रुंदावते. म्हणून रिपोर्टात ‘वेग इतका वाढला’ असंच लिहा, ‘रक्तपुरवठा इतका वाढला’ असं लिहू नका. रक्तक्षय असला तरी वेग मुळातच जास्त असतो, म्हणून हिमोग्लोबिन विचारा. नंदुरबार, गडचिरोलीकडून सिकलसेल असलेली मुलं येतात, त्यांची टीसीडी वेगळ्याच कारणासाठी असते: तिथे मोठ्या धमन्या अरुंद होतात, आणि सरासरी वेग २००च्या वर गेला तर रक्त चढवून पक्षाघात टाळता येतो हे १९९८ पासून माहीत आहे. त्या मुलांना श्वास रोखायला लावायचा नाही.

वाचताना मेंदू रक्त कसं मागतो

वेळ असेल आणि विंडो चांगली असेल तर शिकाऊ मुलांना हे मी आवर्जून दाखवते. प्रोब थोडा मागे वळवा, डेप्थ ६० ते ७०, आणि पाठच्या धमनीचा, पीसीएचा आवाज पकडा. ही धमनी दृष्टीच्या भागाला रक्त देते. पेशंटला २० सेकंद डोळे मिटायला सांगा, मग उघडून समोर धरलेलं वर्तमानपत्र मनात वाचायला सांगा. वाचता येत नसेल तर रंगीत चित्रांचं कॅलेंडर धरा. एक-दोन सेकंदांत लाट चढू लागते, थोड्याच वेळात वर स्थिरावते. वाढ दहा-पंधरा टक्क्यांच्या पुढेमागे. डोळे मिटले की पुन्हा खाली. पाच-सहा फेऱ्या घेऊन सरासरी काढा, एका फेरीवर भिस्त ठेवू नका.

मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो स्वतःचं रक्त स्वतः मागवतो, हा विचार रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० साली केंब्रिजमधून मांडला. तो निरोप कसा जातो याचे बरेच धागे आता हाती आहेत. काम करणाऱ्या पेशींजवळ नायट्रिक ऑक्साइड सुटतं, ताऱ्यासारख्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशी आपले पाय वाहिनीभोवती लपेटून बसलेल्या असतात त्याही रसायनं सोडतात. आणि केशवाहिन्या, ज्यांतून लाल पेशी एकेक करून अंग मुडपून जातात, त्या नुसत्या नळ्या नाहीत. पेशींनी बाहेर टाकलेलं पोटॅशियम त्यांच्या अस्तराला जाणवतं, तिथे एक विद्युत संकेत उठतो आणि तो प्रवाहाच्या उलट दिशेने धमनिकेपर्यंत जाऊन तिला उघडतो. केशवाहिनीला बिलगलेल्या पेरिसाइट पेशीही सैल होतात. तुमच्या पडद्यावर चढणारी लाट म्हणजे या सगळ्यांची बेरीज.

रिपोर्टात काय असावं

दोन्ही बाजूंचा विश्रांतीतला शिखर, तळ आणि सरासरी वेग. पल्सॅटिलिटी इंडेक्स. कोणत्या डेप्थवर घेतलं. श्वास किती सेकंद रोखला, प्रत्येक वेळचा. त्यानंतरचा सर्वोच्च सरासरी वेग आणि निर्देशांक. आधीचं आणि नंतरचं बीपी, कारण ते वीसने चढलं असेल तर वेगातली काही वाढ त्याची आहे. चहा, मिश्री, हिमोग्लोबिन, बीपीच्या गोळ्या आज घेतल्या की नाही. पेशंटने कुंथल्यामुळे ट्रेस टाकून दिला असेल तर तेही.

डेप्थ लिहायला विसरू नका असं मी पुन्हा सांगते, कारण हाच पेशंट वर्षभराने परत येईल, तेव्हा खोलीत बहुतेक दुसरं कुणी असेल आणि त्याला त्याच धमनीच्या त्याच ठिकाणी प्रोब लावायचा असेल. ५२ वरचा आकडा आणि ६० वरचा आकडा एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.